श्वासावर नजर

हडपसरच्या रुग्णालयांत आज एखाद्या बालकाची हर्नियाची किरकोळ शस्त्रक्रिया होते, तेव्हां आईबापांना छेदाची भीति वाटते. खरी काळजी असते ती भुलींतील श्वासाची. हा धडा जगाला महागांत पडला.

१८४७ सालीं एडिंबरोच्या सिम्प्सननें क्लोरोफॉर्म प्रचारांत आणला. तीन महिन्यांच्या आंतच, जानेवारी १८४८ मध्यें, इंग्लंडांत न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर ही १५ वर्षांची मुलगी पायाच्या नखाच्या शस्त्रक्रियेंत दगावली. आधीं हृदय थांबतें कीं श्वास, हा वाद तेव्हांपासून पेटला.

त्याचा निवाडा करण्याचा यत्न हैदराबादेंत झाला. मराठवाडा तेव्हां निजामाच्याच राज्यांत होता. सर्जन एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकारानें १८८८ व १८८९ सालीं तेथें दोन आयोग बसले. प्राण्यांवरील शेंकडों प्रयोगांवरून त्यांनीं निर्णय दिला: श्वास आधीं थांबतो, नाडीपेक्षां श्वासावर नजर ठेवा. हलक्या भुलींतहि हृदय एकाएकीं बंद पडूं शकतें, असें १९११ सालीं लेव्हीनें सिद्ध केलें आणि तो निर्णय अपुरा ठरला.

बालकांच्या बाबतींत मात्र त्यांतील इशारा मोलाचा राहिला. मुलाची जीभ तोंडाच्या मानानें मोठी, श्वासनलिका अरुंद, आणि वजनाच्या मानानें प्राणवायूची गरज प्रौढाच्या सुमारें दुप्पट. जीभ मागें पडली कीं वाट बुजते. प्राणवायु संपतो, मग हृदय मंदावतें.

१९३७ सालीं न्यूकॅसलच्याच फिलिप एअरनें अर्भकांना भूल देण्यासाठीं टी-आकाराची नळी वापरली. साधनें पुढें पुष्कळ सुधारलीं; तरी मुलाच्या उशाशीं उभ्या असलेल्या भूलतज्ज्ञाचा हात आजहि प्रथम हनुवटीखालींच जातो.