खोड नव्हे, आजार

पोर सारखं डोळे मिचकावतं, मान झटकतं, मधूनच घशातून आवाज काढतं. मग घरात म्हणतात, "खोड लागलीय, दोन धपाटे द्या." बचत गटाच्या बैठकांत आम्ही हे नेहमी ऐकतो. म्हणून आज या 'खोडी'चा इतिहास सांगतो.

१८२५ साली फ्रान्समध्ये इटार नावाच्या डॉक्टरांनी एका सरदार घराण्यातल्या बाईंची हकिगत लिहिली. त्यांना सातव्या वर्षापासून झटके यायचे. पुढे तर चारचौघांत तोंडून नको ते शब्द निघायचे. १८८५ साली पॅरिसच्या डॉ. जिल द ला तुरेत यांनी अशा नऊ रुग्णांवर लेख लिहिला. त्यांच्याच नावावरून या आजाराला टुरेट सिंड्रोम म्हणतात.

नाव मिळालं, पण बोल काही टळला नाही. पुढची कित्येक वर्षं बरेच डॉक्टर मनाला आणि घरच्या वळणाला दोष देत राहिले. १९६०च्या दशकात हॅलोपेरिडॉल या औषधानं झटके कमी होताना दिसले. १९६८ साली अमेरिकेतल्या शपिरो दांपत्यानं ठामपणे मांडलं, की हा मेंदूचा आजार आहे. १९७२ मध्ये तिथल्या आईबापांनी एकत्र येऊन संघटना उभारली. एकट्या घरानं सोसायचं दुखणं तेव्हा चारचौघांत बोललं जाऊ लागलं.

आता उपचारात औषधाबरोबर सरावही आला. झटका येणार याची चाहूल ओळखायची आणि त्या वेळी दुसरी साधी हालचाल करायची. २०१० साली १२६ मुलांवरच्या अमेरिकी अभ्यासात या पद्धतीचा चांगला उपयोग दिसला.

मैत्रिणींनो, डोळे मिचकावणारं प्रत्येक मूल टुरेटचं नसतं. पुष्कळांचं काही महिन्यांत आपोआप थांबतं. पण झटके आणि आवाज दोन्ही असतील, वर्षभर टिकले असतील, तर बालरोगतज्ज्ञांना किंवा जिल्हा रुग्णालयात दाखवा. शिव्या तोंडून जाणं थोड्याच रुग्णांत असतं. सौम्य असेल तर औषधही लागत नाही, आणि वाढत्या वयात बऱ्याच मुलांचा त्रास उतरतो.

शिंक जशी फार वेळ दाबता येत नाही, तसंच हे. रागावलं की ताण वाढतो, ताणानं झटके वाढतात. तेव्हा अंगारा-धुपारा नको, मार नको. शाळेतल्या बाईंना नीट समजावून सांगा. आणि सुनेला, "तुझ्याच वळणानं झालं," असं म्हणू नका. आईला दोष देऊन एकही मूल बरं झालेलं नाही.