घरविक्रीवरील भांडवली नफ्याची करसवलत (अमेरिका)

अमेरिकेच्या अंतर्गत महसूल संहितेतील कलम १२१ नुसार मुख्य निवासस्थान विकून झालेला भांडवली नफा ठरावीक मर्यादेपर्यंत संघीय प्राप्तिकरातून वगळता येतो. ही मर्यादा एका करदात्यासाठी २,५०,००० डॉलर, तर संयुक्त विवरणपत्र भरणाऱ्या पती-पत्नीसाठी ५,००,००० डॉलर आहे. मात्र केवळ विवाह झाला म्हणून मर्यादा दुप्पट होत नाही. भारतात पती-पत्नींनी संयुक्त विवरणपत्र भरण्याची पद्धत नसल्याने मराठी वाचकाला हा भाग अपरिचित वाटू शकतो.

नवविवाहितांसाठी अटी

विक्रीपूर्वीच्या पाच वर्षांत किमान दोन वर्षे घराची मालकी आणि किमान दोन वर्षे तेथे मुख्य वास्तव्य असावे लागते. ही वर्षे सलग असण्याची गरज नाही. दांपत्यापैकी एकाने मालकीची अट पूर्ण केली तरी पुरते. वास्तव्याची अट मात्र दोघांनीही पूर्ण करावी लागते. शिवाय दोघांपैकी कोणीही आधीच्या दोन वर्षांत दुसऱ्या घरावर ही सवलत घेतलेली नसावी. विवाहापूर्वीचे वास्तव्यही मोजले जाते. वैवाहिक स्थिती ३१ डिसेंबर रोजी पाहिली जात असल्याने, अटी पूर्ण असल्यास मार्चमध्ये घर विकून नोव्हेंबरमध्ये विवाह करणाऱ्या जोडप्यालाही पूर्ण सवलत मिळते.

समजा, पत्नीने सहा वर्षांपूर्वी घेतलेल्या घरात पती विवाहानंतर राहावयास आला आणि आठ महिन्यांनी घर विकून ४,००,००० डॉलर नफा झाला. येथे २,५०,००० डॉलरच वगळता येतात. उरलेल्या १,५०,००० डॉलरवर १५ टक्के दराने २२,५०० डॉलर कर लागतो. पतीच्या वास्तव्याला दोन वर्षे पूर्ण झाल्यावर तेवढ्याच नफ्याने विक्री केली असती, तर हा कर लागलाच नसता.

दोघांची विवाहापूर्वीची स्वतंत्र घरे असल्यास प्रत्येकाची सवलत आपापल्या घरापुरती राहते. एकाची न वापरलेली रक्कम दुसऱ्याच्या नफ्याला लावता येत नाही.

पार्श्वभूमी

ही तरतूद १९९७ च्या करदाता सवलत कायद्याने आली व ६ मे १९९७ नंतरच्या विक्रींना लागू झाली. त्यापूर्वी ५५ वर्षे पूर्ण केलेल्यांना आयुष्यात एकदाच १,२५,००० डॉलरची सूट मिळे. ती एका जोडीदाराने पूर्वी घेतली असल्यास विवाहानंतर दुसऱ्यालाही नाकारली जाई. त्यामुळे उतारवयात विवाह करणाऱ्यांना आधी घर विकणे फायद्याचे ठरे. आता एकाने नुकतीच घेतलेली सवलत दुसऱ्याच्या २,५०,००० डॉलरच्या आड येत नाही. या मर्यादा महागाईशी जोडलेल्या नाहीत. घरांच्या किमती वाढत गेल्या तरी त्या १९९७ मध्ये होत्या तेवढ्याच आहेत.