स्त्रियांनी रंगविलेले पुरुष

मराठी रंगभूमीचा इतिहास सांगताना स्त्रीवेष धारण करणाऱ्या पुरुष नटांचे स्मरण आवर्जून होते. भाऊराव कोल्हटकरांची सुभद्रा आणि बालगंधर्वांची भामिनी आजही आदराने आठवली जाते. परंतु त्या परंपरेच्या जोडीने, पुरुषवेष घालून राजे, ऋषी व नायक रंगविणाऱ्या स्त्रियाही याच रंगभूमीवर वावरून गेल्या, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

१८४३ साली सांगलीस विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ सादर केले आणि १८८० साली पुण्यास अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आले. मधल्या काळात नाटकाचे रूप पालटले. पण स्त्री-पुरुषांनी एकत्र भूमिका करू नयेत, हा दंडक बहुतेक नाटक मंडळ्यांत कायम राहिला. गाणाऱ्या, अभिनयाची जाण असणाऱ्या स्त्रियांचा दुष्काळ होता असे मुळीच नाही. कलावंतांच्या घराण्यांत त्या पिढ्यान् पिढ्या होत्या. अडचण कलेची नव्हती, प्रतिष्ठेची होती. कुलीन स्त्रीने रंगभूमीवर येऊ नये आणि जी येईल तिला कुलीन मानू नये, असा हा दुहेरी न्याय होता.

या न्यायातूनच केवळ स्त्रियांच्या नाटक मंडळ्या जन्मास आल्या. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांतील बेळगावकर स्त्री संगीत मंडळी आणि मनोहर स्त्री संगीत मंडळी यांची नावे या संदर्भात घेतली जातात. पुरुषांच्या मंडळीत शकुंतला पुरुष होता. स्त्रियांच्या मंडळीत नायकही स्त्रीच असे. एकाच दंडकाची ही दोन टोके होत.

कमलाबाई गोखले यांचे चरित्र या दृष्टीने बोधप्रद आहे. १९०० साली जन्मलेल्या कमलाबाई १९१३ मध्ये दादासाहेब फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’ या चित्रपटात मोहिनी झाल्या. त्यांच्या मातोश्री दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या. त्याच वर्षी आलेल्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामतीसाठी फाळक्यांना पुरुष नट घ्यावा लागला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या मायलेकींच्या धैर्याची कल्पना येते. ऐन तारुण्यात वैधव्य आल्यावर मुलांचा भार कमलाबाईंवर पडला. पुढे स्त्रियांच्या मंडळीत त्यांनी पुरुषांच्या भूमिकाही केल्या. ती हौस नव्हती; तो चरितार्थ होता.

वेषांतर एकच, पण त्याचे मोल मात्र दोन प्रकारचे झाले. बालगंधर्वांची लुगडी नेसण्याची व केशरचनेची तऱ्हा प्रतिष्ठित घरांतील स्त्रियांनी उचलली. पुरुषाने उभी केलेली स्त्री आदर्श ठरली. स्त्रीने उभा केलेला पुरुष नवलाचा विषय ठरला. पहिल्यावर ग्रंथ लिहिले गेले, दुसऱ्याच्या वाट्यास चार ओळी आल्या.

१९३३ साली नाट्यमन्वंतर संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ सादर केले आणि ज्योत्स्नाबाई भोळे व पद्माबाई वर्तक यांनी त्यात स्त्रीभूमिका केल्या. मिश्र रंगभूमी हळूहळू रूढ झाली, हे योग्यच झाले. मात्र स्त्रीची भूमिका स्त्रीला मिळाली, त्याबरोबर राजाची, ऋषीची, विदूषकाची भूमिका तिच्या हातून गेली. ती उरली शाळा-कॉलेजांच्या संमेलनांत आणि महिला मंडळांत. ‘स्त्रीपात्रविरहित’ आणि ‘पुरुषपात्रविरहित’ असे नाटकांचे दोन वर्गच मराठीत पडले; पुण्या-मुंबईप्रमाणे नागपूर, जबलपूर, इंदूर येथील मराठी मंडळींच्या उत्सवांनाही त्यांचा उपयोग झाला.

अन्य देशांतही हे स्थित्यंतर झाले आहे. इंग्लंडात १६६० पर्यंत शेक्सपिअरच्या नायिका मुलगेच करीत. १८९९ साली पॅरिसमध्ये सारा बर्नहार्टने हॅम्लेट रंगविला. जपानच्या ताकाराझुका मंडळीत १९१४ पासून सर्व भूमिका स्त्रियाच करीत आल्या आहेत आणि पुरुषभूमिका करणाऱ्या नटींना तेथे मोठा मान आहे. २०१२ साली लंडनमध्ये केवळ स्त्रियांनी ‘ज्युलिअस सीझर’ केले, तेव्हा तो नवा प्रयोग म्हणून गाजला. असा प्रयोग बेळगावच्या स्त्रियांनी त्यापूर्वी सुमारे शंभर वर्षे केला होता. त्यांना कोणी प्रयोगशील म्हटले नाही. पण पडदा वर जाताच नायकाचा मुकुट त्यांच्या मस्तकावर असे, एवढे तरी इतिहासाने नोंदविले पाहिजे.