खानदेशातील धाब्याची घरे आणि उष्णतेचे नियमन : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

घराची जमीनच तापवून खोली ऊबदार ठेवण्याची पद्धत फार जुनी आहे. रोमन लोक विटांच्या बुटक्या खांबांवर जमीन उचलून तिच्याखालून भट्टीची गरम हवा खेळवीत. कोरियातील 'ओंडोल' पद्धतीत चुलीचा धूर दगडी जमिनीखालून नेला जाई. आज थंड देशांत जमिनीत नळ्या पुरून त्यांतून साधारणतः ३५ ते ४५ अंश सेल्सिअसचे पाणी फिरवितात. भिंतीवरील रेडिएटरला याहून बरेच गरम पाणी लागते. म्हणून ही पद्धत ऊर्जेची बचत करणारी मानली जाते. यामागील तत्त्व असे की, माणसाला जाणवणारी ऊब वा गारवा केवळ हवेच्या तापमानावर ठरत नाही. जमीन, भिंती व छत यांच्याशी शरीराची प्रारणाद्वारे जी देवाणघेवाण चालते, तिचाही त्यात जवळजवळ तितकाच वाटा असतो.

हे तत्त्व खानदेशाला लावले असता प्रश्न उलटा होतो. जळगाव, भुसावळ परिसरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तर डिसेंबर-जानेवारीत धुळ्याचे किमान तापमान काही वर्षी ६ अंशांखालीही उतरते. १६०१ मध्ये अशीरगड पडल्यानंतर खानदेश मोगलांचा सुभा झाला. बऱ्हाणपूरच्या शाही किल्ल्यातील हमामखाना आजही पाहावयास मिळतो. पण स्नानासाठी असा थाट राजघराण्यालाच परवडणारा होता. सामान्य कुणब्याने दोन्ही ऋतूंवर उपाय शोधला तो मातीत.

धाब्याच्या घराची रचना साधी, परंतु विचारपूर्वक केलेली असे. दीड ते दोन फूट जाडीच्या मातीच्या भिंती, आत लाकडी खांब, त्यांवर तुळया व कड्या, कड्यांवर फळ्या किंवा काटक्या आणि त्यांवर मातीचा जाड थर. सर्वांत वर दरवर्षी पावसाळ्यापूर्वी 'खारी' म्हणजे खारवट पांढरी माती पसरीत. ही माती पाण्याने फुगून भेगा बुजविते. उजेडासाठी व धूर जाण्यासाठी धाब्याला साणे ठेवीत. जमीन शेणाने सारवलेली, थेट भूमीला टेकलेली आणि म्हणून उन्हाळ्यातही थंड असे. दीड फुटी मातीच्या भिंतीतून दिवसाच्या उष्णतेची लाट आत पोहोचण्यास १२ ते १५ तास लागतात व तोवर ती अगदी क्षीण झालेली असते. दुपारची आच आत येईपर्यंत पहाट उजाडते. त्या वेळी, उन्हाळ्यात, घरची माणसे धाब्यावर उघड्या आकाशाखाली निजलेली असत. (आज नव्या पिढीला धाबे माहीत आहे ते बहुधा 'नियम धाब्यावर बसविणे' या वाक्प्रचारातूनच.)

याउलट १०-१२ सेंटिमीटर जाडीचा काँक्रीटचा स्लॅब दुपारची उष्णता तीन-चार तासांत खालच्या खोलीत सोडू लागतो. सायंकाळी सहा-सात वाजता तो तापलेल्या तव्याप्रमाणे डोक्यावर असतो. युरोपात पैसे मोजून जी प्रारण-ऊब पायाखाली निर्माण केली जाते, तीच खानदेशात ऐन वैशाखात डोक्यावरून फुकट मिळते! पंखा फिरविल्याने ती कमी होत नाही, आणि कूलर वा वातानुकूलन यंत्राची वीज बव्हंशी या स्लॅबशी झुंजण्यातच खर्ची पडते.

तरीही धाबे मागे पडले याचा दोष केवळ लोकांच्या हौसेला देणे अन्यायाचे ठरेल. इमारती लाकूड दुर्मिळ व महाग झाले. सलग पाऊस लागला की धाबे गळे. भिंतीत वाळवी, विंचू यांचा वावर असे आणि सारवणे-लिंपण्याचे न संपणारे काम प्रामुख्याने स्त्रियांच्या वाट्याला येई. त्यांनी पक्क्या घराची आस धरली हे स्वाभाविकच होय. १९८५ मध्ये सुरू झालेल्या इंदिरा आवास योजनेने आणि २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) मधून मिळणाऱ्या अनुदानाने ती आस अनेकांच्या बाबतीत पूर्ण झाली. मात्र 'पक्के' या शब्दाचा अर्थ टिकाऊपणापुरताच घेतला गेला, उष्णतेचा विचार त्यात फारसा आला नाही.

डिसेंबर २०१८ मध्ये ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोची निवासी इमारतींसाठीची 'इको-निवास संहिता' प्रसिद्ध झाली. तीत छतातून होणाऱ्या उष्णतावहनाची कमाल मर्यादा दर चौरस मीटरला, दर अंशामागे १.२ वॅट अशी ठरविलेली आहे. उघड्या स्लॅबचे मूल्य याच्या तिपटीच्या आसपास जाते. परंतु ही संहिता ५०० चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडांवरील बांधकामांसाठी आहे. प्रधानमंत्री आवास योजनेतील घरकुलाचे किमान क्षेत्रफळ आहे २५ चौरस मीटर. एरंडोल वा साक्री तालुक्यातील घरकुलधारक या नियमाच्या कक्षेतच येत नाही. स्लॅबवर चुन्याची सफेदी देणे किंवा चुना-विटांच्या तुकड्यांचा कोबा घालणे हे माहितीतले उपाय आहेत. पहिल्याला खर्च थोडा येतो, दुसऱ्याला बराच. अनुदानाच्या रकमेत मात्र दोहोंपैकी कशासाठीही वेगळी तरतूद नाही.