आधी विचारले, मग बांधले

भगिनींनो, स्मरणिकेसाठी आरोग्यावर चार शब्द लिहा, असे चिटणीसबाईंनी सांगितले. घरगुती औषधांच्या याद्या आपण पुष्कळ वाचल्या. मी आपल्याच राज्यातला थोडा इतिहास सांगते. माणसे आजाराला काय समजतात, कशाला भितात, कोणापाशी मन मोकळे करतात, याचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रास वैद्यकीय मानवशास्त्र म्हणतात. नाव जड आहे खरे, पण गोष्ट घरातलीच आहे.

१९८६ साली डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग हे दांपत्य गडचिरोलीस कामाला गेले. स्त्रीचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढीच त्या वेळी सरकारी समजूत. त्यांनी दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची पाहणी केली. शंभरांत ९२ जणींना काही ना काही स्त्रीरोग निघाला. पूर्वी तपासणी व उपचार झालेल्या अवघ्या ८. १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे प्रसिद्ध झाले. अंगावरून पांढरे जाते, हे परक्या पुरुषापुढे बोलावे कसे? (हा संकोच खेड्यातच असतो, असे कोणी मानू नये.) बाई बोलत नाही म्हणून तिला दुखणे नाही, असा हिशेब इतकी वर्षे चालला होता.

पुढे दवाखाना बांधायचा, तेव्हा आदिवासींनाच विचारले, कसा हवा? त्यांची उत्तरे ऐकण्यासारखी आहेत. डॉक्टर-नर्स पांढऱ्या कपड्यांत वावरतात, आणि पांढऱ्यात तर आम्ही प्रेत गुंडाळतो! रोग्याला आत नेतात नि नातलगांना बाहेर ठेवतात. शिवाय तिथे आमचा देव नाही. याला अडाणीपणा म्हणून हसणे सोपे होते. पण शोधग्रामात दवाखाना उभा राहिला तो झोपड्यांचा, आप्तांना रोग्याजवळ राहता येईल असा. नाव दिले दंतेश्वरी मातेचे.

सुईणींचेही तसेच. बाळाचा न्युमोनिया ओळखण्यास मिनिटातले श्वास मोजावे लागतात, आणि पुष्कळ जणींची मोजणी बाराच्या पुढे जात नसे. म्हणून त्यांच्यासाठी वाळूचे घड्याळ आणि मणी यांचे एक साधन तयार झाले. दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी खुणेचा मणी सरकला, की न्युमोनिया समजून औषध सुरू करायचे.