बापाने दिलेले आणि उसने दिलेले

सिडकोची स्थापना 17 मार्च 1970 रोजी झाली आणि ठाणे, पनवेल, उरण भागातल्या 95 गावांची भातशेती आणि मिठागरे शहराच्या वाटेला लागली. जमिनीच्या मोबदल्यासाठी 16 आणि 17 जानेवारी 1984 रोजी जासई परिसरात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झाले आणि गोळीबारात पाच जण हुतात्मे झाले. साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना ही त्या लढ्याचीच कमाई. हा इतिहास आपण जाणतो. मला आज त्याच्या घरातल्या बाजूविषयी बोलायचे आहे.

शेत होते तेव्हा वाटणी डोळ्यांना दिसायची. कोणाचा तुकडा कुठवर, ते बांध सांगायचा. पैशाला बांध नसतो. मोबदला आला, भूखंड विकला, की बाप थोरल्याला दुकानासाठी, धाकट्याला गाडीसाठी, मुलीला घरासाठी रक्कम देतो. देताना कोणी कागद करीत नाही. बाप गेल्यावर मात्र प्रश्न उभा राहतो: ते पैसे दिले होते की उसने दिले होते?

हा प्रश्न आजचा नाही. आईबापांनी ज्या अपत्याला जे दिले ते त्याचेच, त्यावर इतरांचा हक्क नाही, असा नियम याज्ञवल्क्यस्मृतीत आहे. त्या स्मृतीवर विज्ञानेश्वराने चालुक्यांच्या काळात मिताक्षरा ही टीका लिहिली. महाराष्ट्रात पुढे तीच प्रमाण मानली गेली. उत्तर कोकणात, म्हणजे आपल्या या पट्ट्यात, न्यायालयांनी नीलकंठ भट्टाच्या व्यवहारमयूखालाही मोठा मान दिला. हा नीलकंठ काशीचा, पण त्याचे घराणे मूळचे पैठणचे.

इंग्लंडची रीत वेगळी होती. तिथल्या 1670 च्या कायद्याप्रमाणे, मृत्युपत्र न करता बाप गेला तर मुलाला आधी मिळालेली मोठी रक्कम हिशोबात परत धरायची आणि मग वाटे करायचे. या पद्धतीचे नाव हॉचपॉट. सगळे जिन्नस एका भांड्यात घालून ढवळायचे, असा त्याचा मूळ अर्थ. मृत्युपत्राच्या बाबतीतही, एकाच मुलाला दोनदा वाटा देण्याचा बापाचा हेतू नसावा, असे तिथली न्यायालये गृहीत धरीत.

गंमत अशी, की हिंदुस्थानसाठी 1865 चा वारसा कायदा केला तो इंग्रजांनीच, पण हे भांडे त्यांनी इथे आणले नाही. तेच धोरण 1925 च्या भारतीय वारसा कायद्यात कायम राहिले. त्याच्या कलम 179 मधले उदाहरण पाहा. बापाने मृत्युपत्रात मुलाला 20,000 रुपये ठेवले आणि पुढे हयातीतच 20,000 दिले, तरी मृत्युपत्रातली रक्कम कमी होत नाही. हिंदूंच्या मृत्युपत्रांना असे नियम मुंबई शहरात 1870 च्या कायद्याने लागू झाले. खाडीपलीकडच्या ठाणे-पनवेलला ते 1 जानेवारी 1927 पासून केलेल्या मृत्युपत्रांना लागू झाले.

म्हणजे स्मृतिकार आणि इंग्रजी कायदेपंडित, दोघांचे इथे एकमत झाले: दिले ते दिले. पण हे बक्षिसाबद्दल. उसने दिलेले पैसे बापाचे येणे असते, आणि येणे ही मालमत्ताच. ते मुलाने फेडायचे असते.

समजा, आई आधीच गेलेली आहे. वडिलांनी स्वतःच्या मालमत्तेचे तिघा मुलांत सारखे वाटे लिहिले. मागे 30 लाख राहिले आणि थोरल्याने पूर्वी 15 लाख नेलेले आहेत. ते बक्षीस ठरले, तर प्रत्येकाला 10 लाख, आणि थोरल्याकडे एकूण 25. ते कर्ज ठरले, तर एकूण 45 लाख, प्रत्येकाचा वाटा 15. थोरल्याचे 15 त्याच्याकडे आधीच पोचलेले, आणि उरलेले 30 लाख बहीण-भावाचे. एका शब्दाने प्रत्येकी पाच लाखांचा फरक पडतो.

त्यात मुदतीचा कायदा आहे. मागणी करताच फेडायच्या हातउसन्या रकमेसाठी दावा दिल्यापासून तीन वर्षांत करावा लागतो. घरात कोण बाप पोरावर दावा लावतो? मुदत उलटल्यावर कर्ज मिटत नाही, पण दावा करून वसूल करता येत नाही. मग वाट्यातून ते वळते करावे की नाही, यावर भावंडे वर्षानुवर्षे भांडतात.

यावर उपाय सोपा आहे. रक्कम देताना तारीख घालून चिठ्ठी करावी, बँकेतून द्यावी. आणि मृत्युपत्रात सरळ लिहावे: अमुक रक्कम अमुक मुलाला उसनी दिली आहे, ती त्याच्या वाट्यातून वजा करावी, किंवा ती मी माफ केली आहे. खाली सही आणि दोन साक्षीदार. बापाने काय ठरवावे हा त्याचा अधिकार, पण ठरवले ते बोलून न ठेवता लिहून ठेवावे.

मला काळजी वाटते ती विशेषतः मुलींची. हिंदू वारसा कायद्याने 1956 साली मुलीला वडिलांच्या मिळकतीत वारस केले. वडिलोपार्जित मिळकतीत महाराष्ट्राने 1994 मध्ये आणि देशाने 2005 मध्ये तिला मुलाच्या बरोबरीला आणले. कागदावर तिचा वाटा सारखा झाला. पण ज्या घरात भावांना दिलेले कोणी लिहीत नाही आणि तिच्या लग्नाचा खर्च मात्र सगळ्यांना तोंडपाठ असतो, तिथे तिला सारखा वाटा कसा मिळणार? म्हणून ज्याने जमिनीचे पैसे सांभाळून ठेवले, त्याने एक साधी वहीही सांभाळावी.