वीरगळाबाहेरचा सैनिक



मी होमिओपॅथीचा डॉक्टर आहे, इतिहासाचा अभ्यासक नव्हे. पण गेली काही वर्षे, बरे न होणारे आजार झालेल्या माणसांना घरी जाऊन भेटणाऱ्या एका छोट्या गटाबरोबर मी बेळगाव आणि खानापूर तालुक्यांतल्या खेड्यांतून फिरतो. १९२२ पासून मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र आपल्या गावात आहे. त्यामुळे आमच्या रुग्णांच्या यादीत निवृत्त नाईक, हवालदार, सुभेदार नेहमीच असतात. त्यांच्या खाटेशी बसताना जो प्रश्न पडत गेला, तोच आज आपल्यापुढे मांडतो. रणात पडलेल्या सैनिकासाठी आपण दगड उभारले, पोवाडे रचले, स्मृतिदिन ठेवले. रणातून परत येऊन पंचाहत्तराव्या वर्षी कर्करोगाने किंवा दम्याने खाटेवर मरणाऱ्या सैनिकासाठी इतिहासाने काय ठेवले?

सुरुवात दगडांपासूनच करू. आपल्या भागात जुन्या देवळाच्या आवारात, कधी शेताच्या बांधावर वीरगळ दिसतात. खालच्या चौकटीत लढाई, तिच्यावर वीराला नेणाऱ्या अप्सरा, सर्वांत वर शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला वीर आणि माथ्यावर चंद्रसूर्य. खालच्या चौकटीतून वरच्या चौकटीत तो थेट जातो. मधे म्हातारपण नाही, आजार नाही, अंग पुसणारे कोणी नाही. घरी परतलेल्या सैनिकाला या दगडावर जागाच नाही.

याच मुलखात दुसऱ्याही प्रकारचा दगड आहे, तो म्हणजे निषिधी. सल्लेखनेने देह ठेवलेल्या जैन स्त्रीपुरुषांचे ते स्मारक. गुरूसमोर बसलेली व्यक्ती आणि वर जिनमूर्ती अशी त्याची ठेवण पुष्कळदा असते. हा मार्ग केवळ साधूंचा नव्हता. गंग राजा मारसिंह दुसरा हा राष्ट्रकूटांच्या बाजूने अनेक लढाया लढलेला योद्धा. त्याने राज्य सोडले आणि इ.स. ९७५ च्या सुमारास, आजच्या हावेरी जिल्ह्यातील बंकापूरला, अजितसेन आचार्यांच्या सान्निध्यात सल्लेखना घेतली. त्याचाच सेनापती चावुंडराय. श्रवणबेळगोळची बाहुबलीची मूर्ती त्याने करवली आणि तिच्या पायाशी त्याचे नाव सांगणारी मराठी ओळ कोरलेली आहे. पुष्कळ वर्षे ती मराठीतील पहिली कोरीव ओळ मानली जात होती. म्हणजे आपल्या भाषेच्या उंबरठ्यावर एक सेनापती उभा आहे आणि त्याने उभारलेली मूर्ती जिंकत असतानाच शस्त्र खाली ठेवणाऱ्या योद्ध्याची आहे.

इथे एक खुलासा करतो, कारण मी जैन आहे आणि हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. सल्लेखना हा उपचार नव्हे आणि वेदनेतून सुटण्याची पळवाटही नव्हे. ते समजून उमजून घेतलेले व्रत आहे. २०१५ साली राजस्थान उच्च न्यायालयाने तिला गुन्हा ठरवले आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयाला स्थगिती दिली, हे आपण जाणता. मी त्या वादात शिरत नाही. दवाखान्यातला अनुभव एवढाच सांगतो, की दुखणे असह्य होऊन "आता सोडवा" म्हणणारा माणूस व्रत मागत नसतो, औषध मागत असतो. निषिधीतून मी घेतो ती गोष्ट साधी आहे. लढलेल्या माणसाच्या शेवटालाही वेळ लागतो आणि त्या वेळेत त्याच्यासमोर कोणीतरी बसलेले असावे लागते.

आता राज्यसंस्थेने काय केले ते पाहू. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने १६७० मध्ये पॅरिसला जायबंदी सैनिकांसाठी ‘अँव्हालिद’ उभारण्याचा हुकूम काढला. इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सने १६८२ मध्ये चेल्सीचे रॉयल हॉस्पिटल स्थापन केले. थकलेल्या सैनिकाला छप्पर, जेवण आणि गणवेश देणे हे राज्याचे कर्तव्य ठरले, ते तेव्हापासून.

हिंदी सैनिकाच्या वाट्याला हे फार उशिरा आले. पहिल्या महायुद्धात सुमारे १३ लाख हिंदी माणसे समुद्रापार गेली आणि सुमारे ७४ हजार परतली नाहीत. मेसोपोटेमियात १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत कूतच्या वेढ्यात त्या उपाशी राहिल्या आणि शरणागतीनंतर तुर्कांच्या कैदेत गेल्या. त्याआधी टेसिफनच्या लढाईतील जखमींना स्प्रिंग नसलेल्या खेचरगाड्यांतून नदीपर्यंत आणि तिथून गच्च भरलेल्या बोटींतून बसऱ्याला आणले गेले. जखमा दिवसेंदिवस उघडल्या गेल्या नव्हत्या. याचा बोभाटा होऊन ब्रिटिश पार्लमेंटने चौकशी आयोग नेमला आणि १९१७ च्या अहवालात त्याने वैद्यकीय व्यवस्थेवर कडक ठपका ठेवला.

त्याच १९१७ साली अपंग हिंदी सैनिकांना हुन्नर शिकवणारी क्वीन मेरीज टेक्निकल ही संस्था सुरू झाली आणि पुढे ती खडकीला स्थिरावली. १९४४ मध्ये पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र निघाले. १९७४ मध्ये, कण्याला इजा होऊन लुळ्या पडलेल्या जवानांसाठी खडकीला पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र उभे राहिले. ही सगळी कामे मोठी आहेत. पण त्यांच्यामागचा प्रश्न एकच होता: हा माणूस पुन्हा उभा कसा राहील? जो उभा राहणारच नाही, त्याच्यासाठी यात खाते नव्हते.

वेदनेचे शास्त्र मात्र युद्धांनीच पुढे नेले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी झेर्ट्युर्नर या जर्मन औषधविक्रेत्याने अफूतून मॉर्फिन वेगळे केले. शतकाच्या मध्याला इंजेक्शनची सुई आली आणि लष्करी वैद्यकात ती रुळली. पण खरी नवी गोष्ट १९४४ मध्ये इटलीच्या आघाडीवर कळली. हेन्री बीचर हा अमेरिकन लष्करातला भूलतज्ज्ञ तिथे गंभीर जखमींची तपासणी करत होता. त्याच्या ध्यानात आले, की सरळ विचारले असता त्यांच्यातला सुमारे एक चतुर्थांश माणूसच वेदनेवर औषध मागतो. १९४६ मध्ये त्याने हे प्रसिद्ध केले आणि पुढे मुलकी रुग्णांशी तुलना केली. तितकी किंवा त्याहून लहान जखम असलेले मुलकी रुग्ण अधिक औषध मागत होते. बीचरने काढलेला अर्थ असा, की वेदना जखमेच्या आकारावर ठरत नाही. त्या जखमेचा माणसाला जो अर्थ लागतो, त्यावर ती पुष्कळशी ठरते. आघाडीवरच्या जखमेचा अर्थ होता, ‘मी जिवंत आहे, आता घरी जाणार.’

त्याच इटलीत आपल्या दोन पोरांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे यांनी शत्रूच्या मशीनगनच्या ठाण्यावर एकट्याने चाल केली आणि ते तिथेच पडले. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर शिपाई नामदेव जाधव यांनी गोळीबारात जखमी सोबत्यांना पाण्यातून पलीकडे सुखरूप आणले, मग परत जाऊन शत्रूची ठाणी गप्प केली. ते घरी आले आणि १९८४ पर्यंत जगले. घाडग्यांची गोष्ट वीरगळात बसते. जाधवांच्या त्या दिवसाची गोष्टही बसते. त्यानंतरची एकोणचाळीस वर्षे मात्र वीरगळात कोरता येत नाहीत. आपल्या गावोगावचे माजी सैनिक म्हणजे अशीच न कोरलेली वर्षे.

बीचरचा धडा या वर्षांना उलटा लागू पडतो. विशीत छर्रे लागून हसत परतलेला माणूस सत्तरीत जबड्याच्या कर्करोगाने मोडून पडतो, कारण या दुखण्याला ‘घरी जाणार’ हा अर्थ नाही. हे ज्यांना नेमके कळले, त्या इंग्लंडच्या सिसिली साँडर्स. युद्ध सुरू झाल्यावर १९४० मध्ये ऑक्सफर्डचे शिक्षण थांबवून त्या परिचारिका झाल्या, पुढे रुग्णालयात समाजसेविका आणि शेवटी डॉक्टर. १९४८ मध्ये पोलंडमधून आलेला डेव्हिड टास्मा हा ज्यू निर्वासित त्यांच्या देखरेखीखाली कर्करोगाने वारला. त्याने मागे ठेवलेल्या ५०० पौंडांपासून त्यांच्या कामाचा निधी सुरू झाला आणि १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्टोफर्स हॉस्पिस उघडले. मरणाऱ्याची वेदना शरीराची, मनाची, नात्यांची आणि श्रद्धेची मिळून एक असते, म्हणून ती एकत्रच हाताळावी लागते, ही त्यांची मांडणी. तिच्यासाठीचे ‘पॅलिएटिव्ह’ हे नाव पांघरूण या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आले. आजार हटला नाही तरी माणूस उघडा पडू नये, इतका त्याचा साधा अर्थ.

भारतात १९८६ मध्ये मुंबईला शांती अवेदना सदन सुरू झाले. १९९३ मध्ये कालिकतला पेन अँड पॅलिएटिव्ह केअर सोसायटी निघाली आणि केरळात शेजारपाजारची माणसे प्रशिक्षण घेऊन रुग्णांच्या घरी जाऊ लागली. आमचा गट त्याच पद्धतीचा. वाटेत मोठा अडथळा होता तो १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याचा. त्याच्या जाचक परवान्यांमुळे औषधी मॉर्फिनचा वापर देशात झपाट्याने घटला. अफू पिकवणाऱ्या देशातच कर्करोगी मॉर्फिनवाचून तळमळू लागले. २०१४ च्या दुरुस्तीने नियम सोपे झाले, तरी डॉक्टरांच्या आणि नातेवाइकांच्या मनातली भीती गेलेली नाही. माझी जागा स्पष्ट सांगतो: मॉर्फिन लिहून देणे माझ्या पदवीच्या कक्षेत येत नाही. ते मान्यताप्राप्त संस्थेतले प्रशिक्षित डॉक्टर देतात आणि ते देण्यावाचून पर्याय नसतो तेव्हा मी माझ्या गोळ्यांचा आग्रह धरत नाही. माझे काम जखम धुणे, तोंडाची निगा, घरच्यांना शिकवणे आणि ऐकणे.

ऐकणे हे सैनिकाच्या बाबतीत सर्वांत अवघड. ज्या सहनशक्तीने तो पलटणीत टिकला, तीच इथे आड येते. "सुभेदार साहेब, दुखतंय का?" विचारले, की उत्तर ठरलेले: "ठीक आहे, डॉक्टर." म्हणून आम्ही तसे विचारणेच सोडले. रात्री किती वेळा जाग आली, कूस कोण बदलून देते, काल जेवण का राहिले, असे विचारतो. मग उत्तर मिळते. काही जणांना अखेरच्या दिवसांत जुनी रात्र परत दिसते. ते ओरडतात, खाटेवरून उतरू पाहतात. त्यांना बांधून ठेवले तर भीती वाढते. दरवाजा दिसेल अशी खाट फिरवली, रात्री मंद दिवा ठेवला, तर पुष्कळदा निवळते. युद्धाचा हा मानसिक ठसा अमेरिकेच्या मनोरोगांच्या अधिकृत यादीत १९८० मध्ये, व्हिएतनामनंतर, आला. तिथल्या हॉस्पिस संस्थांनी २०१० मध्ये माजी सैनिकांसाठी खास मोहीम सुरू केली. तिचा पाया एका प्रश्नावर आहे: तुम्ही सैन्यात होता का? आपल्याकडे २००३ पासून ईसीएचएस ही आरोग्ययोजना आहे, तिचा माजी सैनिकांना मोठा आधार आहे. पण हा प्रश्न गावातल्या साध्या डॉक्टरनेही विचारायला हवा.

विचारताना जपून. ‘किती मारले?’ असे नातवंडांसमोर विचारणारे पाहुणे मी पाहिले आहेत. त्यानंतर दोन दिवस तो म्हातारा कोणाशी बोलत नाही. १९७१ च्या विजयाचे सांगायला सोपे जाते. श्रीलंकेत १९८७ ते १९९० या काळात गेलेल्यांना सांगणे जड जाते, कारण त्या मोहिमेची गावात मिरवणूक निघाली नव्हती. अहिंसा मानणाऱ्या डॉक्टरपुढे तर काही जण अधिकच संकोचतात. मी त्यांना न्याय द्यायला बसलेलो नाही, हे पटायला कित्येक भेटी लागतात.

आणि त्यांच्या घरवाल्या. शहीद जवानाच्या पत्नीला आपण वीरपत्नी म्हणतो, ते योग्यच. पण नवरा सीमेवर असताना शेत आणि पोरे सांभाळून, आता दिवसरात्र त्याचे अंथरूण बदलणाऱ्या बाईला आपल्या भाषेत शब्द नाही. साहित्य मंडळापुढे बोलतो आहे म्हणून ही उणीव मुद्दाम सांगितली.

१९७१ साली वीस वर्षांचा असलेला जवान आज सत्तरीच्या पुढे आहे. त्या पिढीचा शेवट आपल्या डोळ्यांदेखत होतो आहे. मंडळाकडे माझ्या दोन विनंत्या आहेत. एक, आपल्यापैकी ज्यांना सवड आहे त्यांनी महिन्यातून एक दुपार अशा एखाद्या घरी जाऊन बसावे. रुग्ण बोलला तर ऐकावे, नाही बोलला तर घरच्या बाईला तासभर विसावा द्यावा. दुसरी, ज्याची इच्छा असेल त्याचेच, आणि त्याला हवे तेवढेच, मराठीत लिहून घ्यावे आणि ते मंडळाच्या कपाटात जपून ठेवावे. त्यात लढाईइतकीच जागा परत आल्यानंतरच्या वर्षांना द्यावी. यादी माझ्याकडे आहे. नावे घरच्यांच्या संमतीनेच देईन. ज्यांना यायचे असेल त्यांनी कार्यक्रमानंतर मला भेटावे.